जुन्या चांदीवरचे ठसे वाचायचे कसे?

चांदीचा जुना चमचा किंवा चहादाणी हातात आली की बहुतेकजण तळाला भिंग लावतात, कुठेतरी दोन अक्षरं सापडतात आणि ती मोबाइलवर टाकून कारागिराचं नाव हुडकायला बसतात. घोळ इथूनच सुरू होतो. इंग्लंडात त्याच दोन आद्याक्षरांचे चांदीकार एकेका शतकात कितीतरी होऊन गेले. नुसत्या अक्षरांवरून नाव काढायला गेलात, तर जे सर्वांत प्रसिद्ध तेच तुम्हाला सापडणार, आणि विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. म्हणून कारागिराची सही सर्वांत शेवटी वाचायची. आधी वस्तू चांदीची आहे का ते पाहा. मग देश, शहर, साल या क्रमाने पुढे जा आणि त्यानंतरच ‘कोणाची’ या प्रश्नाकडे वळा.

या लेखात भर ब्रिटिश ठशांवर आहे. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, जुन्या पारशी घरांतून निघणारं सामान, क्लबांच्या ट्रॉफ्या अशा ठिकाणी जी परदेशी चांदी हाती लागते, तिच्यात ब्रिटिश माल भरपूर असतो. शिवाय ब्रिटिश पद्धत इतकी शिस्तीची आहे की ठसे धड असतील तर थेट सालापर्यंत पोचता येतं. आपल्याकडच्या चांदीचं गणित अगदी वेगळं आहे, ते पुढे येईलच.

घासू नका, आधी बघा

लागणारं सामान थोडं आहे: सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी बॅटरी, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा डिजिटल काटा आणि मऊ सुती फडकं. पॉलिश या यादीत मुद्दामच नाही. ठशाच्या खोलगट भागात साचलेला काळपटपणा हाच तुमचा मित्र असतो, त्याच्यामुळे रेषा उठून दिसतात. आपल्याकडे दिवाळीच्या आधी चांदी रांगोळीने, राखेने नाहीतर टूथपेस्टने खसाखसा घासायची पद्धत आहे. दर घासणीला चांदीचा पातळ थर जातो आणि पन्नास-साठ दिवाळ्यांत सिंहाचा बेडूक होतो. ज्या घरात चांदी कपाटात बांधून ठेवलेली होती, त्या घरातले ठसे सहसा जास्त स्पष्ट सापडतात.

प्रकाश वरून पाडू नका. खोलीतला दिवा बंद करून बॅटरी जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून बाजूने धरा आणि वस्तू हळूहळू फिरवा. एका कोनात काहीच दिसत नाही आणि थोडं वळवलं की अक्षर उमटतं. तरीही ठसा लागत नसेल तर जुनी युक्ती आहे: मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरून ठशावर काजळी बसू द्या, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबा आणि ती उचलून पांढऱ्या कागदावर लावा. उठावाचा भाग काळा, खोल भाग कोरा असा ठसा कागदावर येतो. काजळी कोमट पाण्याने निघून जाते. मात्र हे भरीव चमच्यावर करायचं. लाकडी मुठीच्या, राळ भरलेल्या किंवा डाख दिलेल्या नाजूक वस्तूला ज्योत दाखवायची नाही.

चांदी आहे की चांदीचं पाणी?

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. त्यावर विजेने चांदीचा मुलामा चढवायची पद्धत एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये पेटंट केली आणि त्यानंतर इंग्लंडातून असा माल जहाजं भरभरून बाहेर पडला. त्यावर ‘ई. पी. एन. एस.’ अशी चार रोमन अक्षरं असतात. फसवणारी गोष्ट म्हणजे ती अनेकदा वळणदार गॉथिक लिपीत, एकेक वेगळ्या ढालीच्या चौकटीत ठोकलेली असतात. घाईत पाहणाऱ्याला चार ठसे ओळीत दिसतात आणि तो हॉलमार्क समजून बसतो. शेवटची दोन अक्षरं ‘एन. एस.’ऐवजी ‘बी. एम.’ असतील तर खाली ब्रिटानिया मेटल, म्हणजे मुख्यतः कथील आहे. या नावातल्या ‘ब्रिटानिया’चा आणि पुढे येणाऱ्या ब्रिटानिया दर्जाच्या चांदीचा काडीचाही संबंध नाही. ‘ए वन’ म्हणजे मुलाम्याचा जाड दर्जा, चांदीची शुद्धता नव्हे.

याहून जुना प्रकार म्हणजे ओल्ड शेफिल्ड प्लेट. १७४० च्या दशकात थॉमस बोल्सोव्हर याने तांब्याच्या पाटावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करायची रीत काढली. त्या वस्तूंच्या कडा आणि टोकं पाहा. जिथे बोटं आणि फडकं सर्वांत जास्त लागलं तिथे गुलाबी तांबं डोकावतं. विजेच्या मुलाम्याखाली जर्मन सिल्व्हर असेल तर तिथे पिवळट-करडी झाक येते.

ठसे पुसटच असतील तर घनता काढा, घरच्या घरी होते. चमचा कोरडा तोला; समजा ६२.२ ग्रॅम भरला. आता पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा, चमचा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जे ग्रॅम दिसतील तेवढे घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. ६.० दिसले तर ६२.२ भागिले ६.० म्हणजे १०.३७. स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध असलेल्या, चांदीची घनता साधारण १०.३ ते १०.४, म्हणजे जमलं. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा चमचा ७.१ च्या आसपास दाखवेल. पोकळ मुठीच्या सुऱ्या, राळ भरलेल्या मेणबत्तीदाण्या यांना ही चाचणी लावू नका, आकडा हमखास चुकतो. अगदी लहान चमचाही नको, तिथे काट्याची चूकच मोठी पडते.

सराफाकडे टंच काढायला नेणार असाल तर एक गोष्ट बजावून सांगा: कसोटीच्या दगडावर घासायचं किंवा तेजाबाचा थेंब टाकायचा तो ठशापासून लांब, आतल्या न दिसणाऱ्या कडेला. यंत्रावर क्ष-किरणांनी तपासणी करून घेतलीत तर ओरखडा पडत नाही, पण ते यंत्र वरचाच थर वाचतं. जाड मुलामा त्याला चकवू शकतो.

ब्रिटिश ठसे: कोण काय सांगतं

पूर्ण ओळ असेल तर चार किंवा पाच ठसे दिसतात. त्यांच्या क्रमाला अर्थ नाही, ते उलटेसुलटेही ठोकलेले सापडतात.

पहिला शोधायचा तो चालणारा सिंह. डावीकडे तोंड, उजवा पुढचा पंजा उचललेला. लंडनमध्ये तो १५४४ पासून आहे. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, म्हणजेच स्टर्लिंग. लंडनच्या ठशात १८२१ पर्यंत त्या सिंहाचं तोंड तुमच्याकडे वळलेलं असतं. पुढे तो चालीच्या दिशेनेच पाहतो, म्हणजे तोंड बाजूने दिसतं. सिंहाच्या जागी बसलेली स्त्री, हातात भाला आणि बाजूला ढाल असेल तर ती ब्रिटानिया, आणि चांदी ९५८ च्या दर्जाची. १६९७ ते १७२० या काळात हा वरचा दर्जा सक्तीचा होता. स्टर्लिंग नाणी वितळवून भांडी घडवायचा सपाटा लागला होता, तो थांबवण्यासाठी भांड्यांचा दर्जा नाण्यांहून चढा ठेवला गेला. नंतर तो ऐच्छिक झाला, त्यामुळे नुसती ब्रिटानिया दिसली म्हणून वस्तू तीनशे वर्षांची ठरत नाही. आयर्लंडची हायबर्निया ही देवीही अशीच बसलेली असते. तिच्याजवळ हार्प हे तंतुवाद्य असते आणि ओळीत दुसरीकडे मुकुट घातलेली हार्प वेगळी ठोकलेली असते. तसं असेल तर वस्तू डब्लिनची.

दुसरा ठसा शहराचा. लंडनचं बिबट्याचं मुंडकं, १८२१ पर्यंत मुकुटासह आणि नंतर बोडकं. बर्मिंगहॅमचा नांगर, म्हणजे जहाजाचा. शेफिल्डचा मुकुट, १९७५ पासून गुलाब. या दोन शहरांना १७७३ मध्ये स्वतःची तपासणी कचेरी (चांदी तपासून ठसे मारणारं कार्यालय) मिळाली. मॅथ्यू बोल्टन हा बर्मिंगहॅमचा कारखानदार त्यासाठी पार्लमेंटशी भांडला, कारण तोवर त्याला माल लांब चेस्टरला पाठवावा लागे आणि परत येताना तो खराब होई. चेस्टरची खूण गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार. ती कचेरी १९६२ मध्ये बंद झाली. एडिंबराचा तीन बुरुजांचा किल्ला असतो, १७५९ पासून सोबत काटेरी थिसलचं फूल आणि चालणारा सिंह नाही. ‘सिंह नाही म्हणजे नकली’ असं म्हणून स्कॉटिश चमचा हातचा घालवू नका. ग्लासगोच्या ठशात झाड, पक्षी, घंटा आणि मासा एकत्र असतात. एक्झिटर आणि न्यूकासल या कचेऱ्या १८८३-८४ मध्ये मिटल्या. दोन्हींच्या खुणांत किल्ले आहेत: एक्झिटरचा एक, न्यूकासलचे तीन.

मुकुटाबद्दल सावध राहा. मुलाम्याच्या मालावरही कंपन्या सर्रास मुकुट ठोकत, ते १८९६ मध्ये बंद करण्यात आलं. मुकुट आहे, पण सिंह नाही आणि सालाचं अक्षरही नाही, तर तो शेफिल्डचा हॉलमार्क नव्हे.

तिसरा ठसा राजाराणीच्या मुंडक्याचा. हा कर भरल्याचा पुरावा. १ डिसेंबर १७८४ पासून सुरू झाला आणि १८९० मध्ये करच रद्द झाल्यावर थांबला. पहिली दीड-दोन वर्षं तिसऱ्या जॉर्जचं डोकं चांदीत खोल गेलेलं आणि डावीकडे पाहणारं आहे. नंतर ते उठावाचं झालं आणि उजवीकडे वळलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम यांची तोंडं उजवीकडे, व्हिक्टोरियाचं डावीकडे. डोक्याचा ठसा म्हणजे खिशात ठेवायची मोजपट्टी आहे, कारण तो असला किंवा नसला तरी एकदम शंभर वर्षांची कक्षा आखून देतो.

चौथा ठसा सालाचं अक्षर, आणि खरी मजा इथे आहे. दर वर्षी एक अक्षर. लंडनने वीस अक्षरांचं चक्र ठेवलं: ‘ए’पासून ‘यू’पर्यंत, ‘जे’ वगळून. चक्र संपलं की लिपी किंवा ढालीचा आकार बदलून पुन्हा ‘ए’. बर्मिंगहॅम आणि शेफिल्डची चक्रं वेगळी, त्यामुळे शहर ठरल्याशिवाय अक्षराचा तक्ता उघडण्यात अर्थ नाही.

उदाहरण घेऊ. तुमच्या हातात जेवणाचा मोठा चमचा आहे. दांड्याच्या मागे बिबट्याचं मुंडकं, सिंह आणि साध्या रोमन वळणाचा लहान ‘ए’ दिसतो. लंडनच्या तक्त्यात १७५० ते १९०० या काळात हा लहान ‘ए’ १७७६, १८१६ आणि १८९६ या तिन्ही सालांना सापडतो (या काळाबाहेरचा लहान ‘ए’ सध्या सोडून देऊ). ढालीचा आकार झिजलेला आहे, त्यावरून ठरत नाही. मग बाकीच्या ठशांना विचारा. राजाचं डोकं आहे का? नसेल तर १८१६ बाद, कारण त्या वर्षी करठसा सक्तीचा होता. आता बिबट्याकडे पाहा: डोक्यावर मुकुट असेल तर १७७६, नसेल तर १८९६. आणि डोकं आहे, ते उजवीकडे पाहतंय, बिबट्यालाही मुकुट आहे, तर १८१६. तीन शक्यतांचा निकाल तक्त्याकडे पुन्हा न वळता लागला. प्रत्येक ठसा दुसऱ्याची साक्ष तपासतो आणि एकजरी फुटला तरी थांबून विचार करायचा. लहान ‘ए’, मुकुटाशिवाय बिबट्या आणि सोबत राजाराणीचं डोकं अशी ओळ दिसली, तर एकतर तुम्ही अक्षर चुकीचं वाचताय (गॉथिक लहान ‘ए’ १८५६ चा आहे) किंवा समोरची वस्तू बनावट आहे.

बारीक गोष्ट: लंडनचं अक्षर जानेवारीत नव्हे, मे महिन्यात बदलत असे. त्यामुळे ‘१८१६’ म्हणजे खरं तर मे १८१६ ते मे १८१७. बर्मिंगहॅमचं वर्ष जुलैत बदले. १९७५ पासून सगळीकडे १ जानेवारी.

पाचवी सही. ही बहुधा आद्याक्षरांचीच असते, आणि सही घडवणाऱ्याचीच असते असंही नाही. माल तपासणीला देणारा जो कोणी, त्याची. मोठ्या दुकानांनी दुसऱ्यांकडून घडवून घेतलेल्या मालावर स्वतःची अक्षरं ठोकलेली आहेत. जुन्या ठशांत ‘जे’च्या जागी ‘आय’ असतो, म्हणून ‘आय. एस.’ दिसलं तर जॉन, जेम्स, जोसेफ यांचाही विचार करा. ब्रिटानियाच्या सक्तीच्या काळात नावांची आद्याक्षरं नव्हे, आडनावाची पहिली दोन अक्षरं घालायचा नियम होता. चौकट नीट पाहा: आयत की अंडाकार, अक्षरांमध्ये टिंब आहे की नाही, लिपी सरळ की लफ्फेदार. हेस्टर बेटमन ही विधवा बाई नवऱ्याच्या मागे कारखाना सांभाळत होती; तिने १७६१ मध्ये लंडनला आपली सही नोंदवली आणि १७९० मध्ये निवृत्त झाली. तिचं ‘एच. बी.’ लफ्फेदार अक्षरांत आहे. सरळ छापील ‘एच. बी.’ आणि सालाचं अक्षर १८२० नंतरचं, तर ती बेटमनबाई नव्हे, विक्रेता कितीही शपथा घेवो.

ठसे वस्तूवर कुठे असायला हवेत

चमच्यांचा नियम सोपा आहे. १७८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ठसे दांड्यावर खाली, पळीच्या खोलगट भागाजवळ असत, आणि दांडी पुन्हा ठोकून सारखी करताना ते दबून, ताणून वेडेवाकडे होत. नंतर ते वर, दांडीच्या रुंद टोकाकडे गेले. म्हणजे १७६० चं अक्षर आणि ठसे वर, स्वच्छ, एकसारख्या अंतरावर, असं दिसलं तर भुवई उंचवा.

चहादाणी, कॉफीदाणी, झाकणाचा मग यांत वेगळा होणारा प्रत्येक भाग तपासा. झाकणावर निदान सिंह आणि सही तरी हवी. झाकणावर काहीच नसेल तर ते बदललेलं असण्याची शक्यता मोठी, आणि किमतीत तेवढी घट धरायची.

साहेबाच्या मालावर ‘९२५’ हा आकडा बघून खूश होऊ नका. ब्रिटनमध्ये घडलेल्या जुन्या चांदीवर तो नसतोच; शुद्धता सिंह सांगतो. बाहेरून आयात झालेल्या चांदीवर १९०४ पासून दशांश आकडा घालू लागले. ‘जॉर्जियन’, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातला, म्हणून दाखवलेल्या चमच्यावर ‘९२५’ असेल तर तो कालपरवाचा. ‘आर. डी.’ आणि पुढे क्रमांक असेल तर ती नमुन्याची नोंदणी. हे क्रमांक १८८४ पासून सुरू झाले, त्यामुळे वस्तू त्याआधीची नाही. या नोंदणीचा चांदीशी संबंध नाही, मुलाम्याच्या आणि चिनीमातीच्या वस्तूंवरही तो असतो.

ठसा खरा, वस्तू खोटी

लोक नकली ठशांना घाबरतात. माझ्या मते त्याहून जास्त पैसे खऱ्या ठशांच्या खोट्या वस्तूंत बुडतात.

सर्वांत सर्रास आढळणारा प्रकार म्हणजे ‘बेरी स्पून’. जॉर्जियन काळातला साधा, गुळगुळीत जेवणाचा चमचा घेऊन व्हिक्टोरियन काळात त्याच्या पळीवर फळांचे घोस उठवले, आतून सोन्याचं पाणी दिलं, दांडीवर वेलबुट्टी कोरली. ठसे शंभर टक्के खरे, साल खरं, नक्षी मात्र पाऊणशे वर्षांनी नंतरची. ओळखायचं कसं? ठशांवरूनच नक्षीची रेघ गेलेली असते. मुळात कोणी ठशावर नक्षी कोरत नाही. असा चमचा दिसायला सुंदर असतो, हौसेने जरूर घ्या, पण १८०० सालचा नक्षीदार चमचा म्हणून पैसे मोजू नका.

दुसरा प्रकार कर चुकवण्याचा. १७२० ते १७५८ या काळात औंसाला ६ पेन्स कर होता. काही चांदीकार लहानशी वस्तू तपासणीला पाठवत, ठसे उठले की तेवढा तुकडा कापून जड कॉफीदाणीच्या तळाला डाखाने बसवत. याच पद्धतीने नंतरच्या काळात भामट्यांनी जुन्या मोडक्या चमच्यांचे ठसे नव्या मालात घातले. तळावर तोंडाने वाफ सोडा. चांदी धुरकट होते आणि विरताना ठशांभोवती चौकोनी किंवा गोल रेघ दिसते. डाखाची चांदी वेगळ्या गतीने कोरडी पडते. ती रेघ दिसली की वस्तू खाली ठेवायची.

तिसरा ओतीव. खरा चमचा साच्यात दाबून नवे ओतले की ठसेही सोबत येतात. अशा ठशांच्या कडा साबणावर कोरल्यासारख्या मऊ असतात, तळात बारीक छिद्रं दिसतात, आणि सहा चमच्यांच्या संचात सगळे ठसे एकाच जागी, एकाच तिरपेपणाने, एकाच ओरखड्यासह असतात. हाताने ठोकलेले ठसे दोन चमच्यांवर तंतोतंत सारखे बसत नाहीत. संच घेताना सगळे पालथे घालून एका ओळीत लावा, मिनिटभरात कळतं.

आपल्या मातीतली चांदी

भारतात इंग्रजी अमलातही लंडनसारखी सक्तीची तपासणी कचेरी नव्हती. त्यामुळे इथे जे ठोकलं गेलं ते दुकानदाराच्या मर्जीने. कलकत्त्याची हॅमिल्टन अँड कंपनी १८०८ पासूनची. तिच्या काही वस्तूंवर कंपनीच्या आद्याक्षरांसोबत हत्ती आणि एखादं सुटं अक्षर असतं. इंग्रजी ओळीचा हा देखावा आहे, त्या अक्षरावरून लंडनच्या तक्त्यात साल शोधू नका. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सने देवदेवता उठवलेल्या ‘स्वामी’ नक्षीच्या मालावर आपलं नाव घातलं. भुजचे उमरशी मावजी कच्छच्या दरबाराचे चांदीकार; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली त्यांची दाट वेलबुट्टी आणि मधूनच डोकावणारे प्राणी जगभर नावाजले. सही रोमन ‘ओ. एम.’, कधी पुढे ‘भुज’. तिला भाव आहे म्हणून ती नव्या मालावरही ठोकली जाते. इथे ठशापेक्षा हात बघायचा. अस्सल कामात पानाची शीर, प्राण्याचा डोळा, मागच्या जमिनीवरचे बारीक ठिपके सगळं नेमकं असतं. नकलेत पानं नुसती फुगलेली. पुण्यातही त्या काळात उठावाचं काम चाले. हीरप्पा बूचेना या पुण्याच्या कारागिराचं नाव रोमन अक्षरांत असलेल्या वस्तू परदेशी लिलावांत दिसतात.

पण आपल्या घरातला तांब्या, फुलपात्र, पंचपात्री, अत्तरदाणी, गुलाबदाणी, कुंकवाचा करंडा यांच्यावर बहुधा यातलं काहीच नसतं. ठसा नाही म्हणजे चांदी नाही, असं अजिबात नाही. सोनार ओळखीचा, घर पिढीजात, मग ठसा कोणासाठी मारायचा? फार तर बुडाला सराफाच्या पेढीचं नाव किंवा दोन देवनागरी अक्षरं.

मग वाचायचं काय? नाव. भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत हाच मराठी घराचा हॉलमार्क. टिंबाटिंबांनी किंवा टाकीने काठाजवळ कोरलेलं नाव, ‘यांजकडून’, गाव, आणि नशीब असेल तर शक. शकात ७८ मिळवा: शके १८२१ म्हणजे इसवी सन १८९९, आणि तारीख पौष-माघाच्या सुमाराची असेल तर १९००. गुजराती घरातल्या भांड्यावर संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा करा. अक्षरं मोडी असतील तर फोटो काढून मोडी जाणणाऱ्याला दाखवा, स्वतः अंदाज बांधू नका. आणि हे लक्षात असू द्या की कोरलेलं साल भेटीचं असतं. भांडं त्याआधीच घडलेलं असू शकतं. एकाच तांब्यावर सासूचं आणि सुनेचं अशी दोन नावंही सापडतात.

शुद्धतेचा अंदाज नाण्यांवरून लागतो. लोक रुपये सोनाराला देत आणि तो ते आटवून भांडं घडवी. १८३५ पासूनचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. म्हणून अशा भांड्याचा टंच ९१-९२ च्या घरात येतो. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. त्यानंतरचे रुपये आटवून केलेल्या भांड्याचा टंच पन्नासच्या आसपास निघाला तर सोनाराला शिव्या देऊ नका, कदाचित चांदीच तशी आली असेल. भारतीय मानक ब्यूरोचा, म्हणजे बीआयएसचा, चांदीचा हॉलमार्क २००५ पासूनचा आहे. ‘पेशवेकालीन’ समईवर बीआयएसचा त्रिकोण दिसला तर पुढचं बोलणंच संपलं.

इतर देशांचे चार शब्द

फ्रेंच चांदीवर १८३८ पासून शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हाचं डोकं असतं. शेजारी बारीक १ असेल तर ९५०, २ असेल तर ८००. कारागिराची सही चौकट-एक्क्याच्या आकारात. जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर आणि मुकुट, सोबत ८०० किंवा तत्सम आकडा. रशियन मालावर ‘८४’ म्हणजे ८७५ दर्जा; हा आकडा शंभरात नव्हे, शहाण्णवात मोजायचा. अमेरिकेत देशभरासाठी सरकारी तपासणी नव्हती. तिथे ‘स्टर्लिंग’ हा शब्दच शोधायचा. गोऱ्हम कंपनी सिंह, नांगर आणि ‘जी’ असे तीन ठसे ठोके. नांगर बघून बर्मिंगहॅमच्या मागे लागू नका. गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगीज चांदी असते: रानडुकराचं डोकं १८८७ ते १९३७, त्यानंतर गरुड. मुंबईच्या पारशी कुटुंबांत चीनच्या व्यापारातून आलेली चांदी सापडते, ‘डब्ल्यू. एच. ९०’ आणि शेजारी चिनी अक्षर म्हणजे कँटन-हाँगकाँगची वांग हिंग पेढी.

नोंद आणि कायदा

वाचलेलं लगेच लिहून ठेवा: वस्तू, वजन, उंची, प्रत्येक ठशाचा बाजूच्या उजेडातला फोटो, ठसे कोणत्या भागावर आहेत, आणि कोणता ठसा लागला नाही तेही. मोडीत घालायचा विचार असेल तर आधी ही नोंद जाणकाराला दाखवा. मोडीचा भाव वजनावर ठरतो, तिथे १७७६ चा चमचा आणि गेल्या वर्षीचा सारखेच.

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या लेकीला पणजीची गुलाबदाणी बॅगेतून पाठवायचा बेत असेल तर आधी तिचं वय नक्की करा. वस्तू इंग्लंडात घडलेली आहे म्हणून सूट मिळेल हे गृहीत धरू नका. जुनी दिसते पण शंभरच्या आतली आहे, अशा वस्तूसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळतो. अर्जाबरोबर फोटो द्यावे लागतात. तिकिटाची तारीख पक्की करण्याआधी तो अर्ज टाका.